बाटली लॅबमध्ये पोचू द्या

गोव्यातल्या पेडणे-डिचोलीत लघवीची कुठलीही तक्रार आधी 'उष्णता' असते, मग 'खडा', आणि माणूस साठीचा असेल तर 'प्रोस्टेट'. मूत्रनलिकेच्या आतल्या अस्तरावर छोटे मांसल कोंब उगवू शकतात, त्यांना पॉलिप म्हणतात, आणि त्यांतले बहुतेक निरुपद्रवी असतात, हे इस्पितळाची पायरी चढल्यावरच कळते. निरुपद्रवी असले तरी ते तसे आहेत हे दुर्बिणीतून नुसते बघून ठरत नाही. 'साधी गाठ' हे दोन शब्द लिहिण्याचा अधिकार सूक्ष्मदर्शकाखाली तुकडा बघणाऱ्या पॅथॉलॉजिस्टचा. पुढची यादी बरीचशी त्या तुकड्याबद्दल आहे, कारण आपल्याकडे हयगय तिथेच होते.

लघवीत रक्त दिसले तर

करावे: एकदाच दिसले, दुखले नाही, दुसऱ्या दिवशी लघवी स्वच्छ झाली, तरीही डॉक्टरला दाखवावे. खड्याचे रक्त बहुधा कळा देऊन येते. मूत्राशयाच्या कॅन्सरचे रक्त पुष्कळदा काही न दुखता येते आणि काही दिवस गायबही होते. विडी-सिगरेट ओढणाऱ्याने तर 'थांबले ना आता' हे वाक्य तोंडातूनच काढू नये.

करावे: रक्त धारेच्या सुरुवातीला येते, शेवटी येते की पूर्ण वेळ, हे बघून ठेवावे. सुरुवातीचे रक्त मूत्रनलिकेकडे बोट दाखवते, शेवटचे मूत्राशयाच्या तोंडाकडे आणि प्रोस्टेटजवळच्या भागाकडे, पूर्ण धार लाल असेल तर मूत्राशय किंवा मूत्रपिंडाकडे. हा ठोकताळा आहे, निदान नव्हे. पण डॉक्टरला कुठून सुरुवात करायची ते कळते.

टाळावे: धणे-जिऱ्याचे पाणी, शहाळे आणि कोकमाचे सरबत यांवर महिना काढणे. पिण्याला हरकत नाही. लघवी पातळ झाली की रक्ताचा रंगही फिका होतो, आणि गुण आला असे वाटते.

टाळावे: रक्त पातळ करणाऱ्या गोळीवर खापर फोडून मोकळे होणे, किंवा ती गोळी आपल्या मनाने बंद करणे. गोळीमुळे आत असलेली जखम लवकर बोलते, एवढेच. जखम कुठे आहे ते शोधावेच लागते.

टाळावे: नुसत्या रंगावरून घाबरणे. बीट खाल्ल्यावर काहींची लघवी गुलाबी होते. क्षयाच्या उपचारातले रिफाम्पिसिन ती नारिंगी-तांबडी करते. साध्या लघवी तपासणीत रक्तपेशी दिसल्या की नाही, यावर पुढचे ठरते.

करावे: वीर्यात रक्त दिसले तर लाजून गप्प बसू नये. चाळिशीच्या आतल्या पुरुषाला एकदाच तसे झाले तर बहुतेक वेळा त्यात काही निघत नाही. पुन्हा पुन्हा झाले, किंवा सोबत लघवीतही रक्त असले, तर दुर्बिणीने मूत्रनलिका बघून घ्यावी. तरुण वयात याचे एक कारण प्रोस्टेटच्याच पेशींचा कोंब असू शकतो. त्याच्याबद्दल पुढे येते आहे.

लघवी पूर्ण अडली तर

करावे: 108 रुग्णवाहिका बोलवावी, किंवा जवळच्या सरकारी केंद्रात जाऊन आधी नळी घालून मूत्राशय मोकळे करून घ्यावे. तुम्ही पेडण्यात असा, डिचोलीत असा, की तेरेखोलात. थेट बांबोळीचे गोवा मेडिकल कॉलेज (गोमेकॉ) गाठायचेच असा हट्ट त्या घटकेला नको. कारण नंतर शोधता येते.

टाळावे: 'जोर येईल' म्हणून तांब्याभर पाणी पिणे. भरलेल्या पिशवीत आणखी भर.

टाळावे: प्रोस्टेट वाढलेली असताना दुकानातून सर्दीची गोळी आणून घेणे. नाक मोकळे करणारी औषधे मूत्राशयाचे तोंड आवळतात, आणि सर्दीच्या काही जुन्या गोळ्या मूत्राशयाचा जोरच काढून घेतात. उर्राकच्या (काजूच्या दारूच्या) दिवसांत तर दोन्ही एकत्र येते: संध्याकाळी भरपूर पिणे, वर सर्दीची गोळी, आणि रात्री दोन वाजता धावाधाव.

टाळावे: घातलेली नळी 'त्रास देत नाही ना' म्हणून महिनोन्‌महिने तशीच ठेवणे. नळीच्या घासण्याने मूत्राशयाच्या आणि नलिकेच्या अस्तराला सूज येते, ती सूज कोंबासारखी वर येते, आणि पुढे कोणी दुर्बीण घातली तर नवीच शंका उभी राहते.

प्रोस्टेट वाढली म्हणजे पॉलिप नव्हे

करावे: सोनोग्राफीच्या कागदावर 'प्रोस्टेट 45 ग्रॅम' वाचले की आधी स्वतःला विचारावे, मला त्रास किती आहे? रात्री कितीदा उठावे लागते, धार किती बारीक झाली, लघवी झाल्यावरही उरल्यासारखी वाटते का. आकार आणि त्रास यांचे गणित जुळतेच असे नाही.

करावे: प्रोस्टेटचा मधला भाग मूत्राशयात डोकावत असेल, तर सोनोग्राफीत तो पॉलिपसारखा दिसू शकतो, हे लक्षात ठेवावे. कागदावर 'पॉलिप?' असे प्रश्नचिन्हासह लिहिले असेल तर ते प्रश्नचिन्ह घरच्यांना सांगतानाही गाळू नये.

टाळावे: वयाने वाढलेली प्रोस्टेट 'आज ना उद्या कॅन्सर होणार' असे मानणे. ही वाढ नलिकेभोवतीच्या आतल्या भागात होते. कॅन्सर बहुतेक वेळा बाहेरच्या भागात सुरू होतो. एकाचे दुसऱ्यात रूपांतर होत नाही. मात्र एकाच माणसात दोन्ही असू शकतात, म्हणून 'माझी तर साधी वाढ आहे' हे पीएसए (प्रोस्टेटच्या एका प्रथिनाची रक्ततपासणी) न करण्याचे कारण होत नाही.

टाळावे: लघवीला जंतुसंसर्ग झालेला असताना, नळी घातल्यावर लगेच, किंवा वीर्यपतनानंतर दोन दिवसांच्या आत पीएसए करून घेणे. आकडा फुगतो आणि घर जागे राहते. संसर्ग होऊन गेल्यावर सुमारे सहा आठवडे थांबावे.

करावे: प्रोस्टेटसाठी फिनास्टराइड किंवा ड्युटास्टराइड चालू असेल तर पीएसए बघणाऱ्या प्रत्येक डॉक्टरला सांगावे. सहा महिने ते वर्षभर घेतल्यावर ही औषधे पीएसए साधारण निम्म्यावर आणतात. कागदावर 3 दिसले तरी ते 6 धरून वाचायचे असते. टॅमसुलोसिन घेत असाल तर मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी डोळ्याच्या डॉक्टरला सांगावे. त्या औषधाने बुबुळाचा पडदा सैल पडतो आणि ऐन ऑपरेशनमध्ये अडचण करतो. लघवीच्या गोळीचा डोळ्याशी काय संबंध, म्हणून कोणी सांगत नाही.

कोंब कोणाचा, त्याप्रमाणे

लहान मुलगा. करावे: धार मध्येच तुटते, मुलगा कुंथतो, उभा राहून वाकतो, मग पुन्हा सुरू होते, अधूनमधून रक्तही दिसते, अशी तक्रार असेल तर बालशल्यचिकित्सकाला दाखवावे. काही मुलांना जन्मापासूनच देठाचा एक कोंब असतो. प्रोस्टेटच्या भागात, वीर्यवाहिन्या जिथे उघडतात त्या उंचवट्यापासून तो निघतो; देठ लांब असला तर मूत्राशयाच्या तोंडाशी जाऊन वाट बुजवतो. आत तंतू आणि रक्तवाहिन्यांचा गाभा, वर लघवीच्या मार्गाचे नेहमीचेच अस्तर. दुर्बिणीतून देठासकट काढला की प्रश्न सहसा मिटतो. टाळावे: 'भीतीने अडते' म्हणत दृष्ट काढत बसणे. दृष्ट काढा हवी तर, पण त्याच आठवड्यात सोनोग्राफीही करा.

तरुण आणि मध्यमवयीन पुरुष. त्याच उंचवट्याभोवती प्रोस्टेटच्या पेशींनी मढलेला कोंब येतो. सूक्ष्मदर्शकाखाली बोटांसारख्या नाजूक झालरी दिसतात, त्यांवर प्रोस्टेटच्या ग्रंथीत असतात तशाच पेशींचा थर, खाली आधारपेशींचा दुसरा थर. पीएसएचा रंग लावला की पेशी रंगतात, आणि हे प्रोस्टेटचेच लेकरू आहे हे पक्के होते. काढला की बहुधा काम संपते. करावे: वय जास्त असेल तर इथे पॅथॉलॉजिस्टला घाई करू देऊ नये. प्रोस्टेटच्या नळ्यांतून उगवणारा एक कॅन्सर नेमका याच जागी, असाच झालरीदार कोंब होऊन बसतो. दुर्बिणीतून दोन्ही भाऊ-भाऊ दिसतात. फरक पेशींच्या केंद्रकांत असतो.

पूर्वी नळी, दुर्बीण किंवा ऑपरेशन झालेला रुग्ण. यांच्यात 'नेफ्रोजेनिक अडेनोमा' नावाची एक गाठ येते. मूत्रपिंडातल्या सूक्ष्म नळ्यांच्या पेशी लघवीसोबत वाहत येतात आणि खरचटलेल्या अस्तरात रुजतात. मूत्रपिंड बदललेल्या रुग्णांत 2002 मध्ये याचा पुरावा मिळाला: गाठीतल्या पेशी रुग्णाच्या नव्हत्या, ज्याने मूत्रपिंड दिले त्याच्या होत्या. ही गाठ साधीच, पण प्रोस्टेटच्या भागात आली की कॅन्सरची हुबेहूब नक्कल करते. कॅन्सर ओळखण्यासाठी वापरतात तो एएमएसीआरचा रंग हिच्यातही चढतो, आणि कॅन्सरमध्ये नसतो तो आधारपेशींचा थर हिच्यातही नसतो. मग पीएसए आणि पॅक्स-8 हे आणखी दोन रंग लावून भेद करावा लागतो: हिच्यात पीएसए रंगत नाही, पॅक्स-8 रंगतो. करावे: पूर्वी नळी किती दिवस होती, कुठले ऑपरेशन झाले, हे डॉक्टरने अर्जावर लिहिले आहे का ते विचारावे. त्या एका ओळीने प्रोस्टेट वाचू शकते.

बायका. पाळी गेल्यावर मूत्रमुखाच्या खालच्या काठावर लालभडक, दुखरा दाणा येतो, त्याला कॅरंकल म्हणतात. कपड्याला रक्ताचा ठिपका लागतो, पुसताना चुणचुणते. करावे: स्त्रीरोगतज्ज्ञाकडून तपासून घ्यावे, आणि रक्त गर्भाशयातून येत नाही ना याची खात्री आधी करून घ्यावी. लहान दाण्याला पुष्कळदा कोमट पाण्याचा शेक आणि हार्मोनचे मलम पुरते. टणक लागला, वाढत गेला किंवा शंका आली तर तुकडा काढावा. टाळावे: 'या वयात कोणाला दाखवायचे' म्हणून सुनेलाही न सांगणे.

मूत्रमुखाशी चामखीळ. बहुधा एचपीव्ही विषाणूच्या 6 आणि 11 या प्रकारांमुळे येते. करावे: जोडीदाराचीही तपासणी करावी. टाळावे: बिब्बा, चुना किंवा काजूबियांच्या टरफलाचे तेल लावणे. हातापायाच्या चामखिळीवर हे प्रयोग करणारे आपल्या भागात कमी नाहीत. काजूचे तेल कातडी जाळते. मूत्रमुख जळले तर व्रण भरताना ते आकसते, आणि पुढे वारंवार नलिका रुंद करून घ्यावी लागू शकते.

पाण्यातला कोंब

हा वेगळा काढला, कारण तो खास आपल्या उपखंडाचा. रायनोस्पोरिडियम नावाचा जीव, 1900 मध्ये ग्विलेर्मो सीबर यांनी ब्वेनोस आयरेसमध्ये पहिल्यांदा वर्णिलेला. पुढे बरीच दशके त्याला बुरशी समजत; आता मासे आणि बेडकांना ग्रासणाऱ्या सूक्ष्मजीवांच्या गटात त्याची गणना होते. रुग्ण सर्वाधिक भारत आणि श्रीलंकेतले. नाकात मस येणे हा त्याचा नेहमीचा प्रकार, पण मूत्रमुखाशीही तो येतो: लाल, ठिसूळ, वर पांढरे बारीक ठिपके. ते ठिपके म्हणजे त्या जीवाच्या पिशव्या. सर्वांत मोठी पिशवी मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी, आत हजारो बीजाणू. पॅथॉलॉजिस्टला इतके सोपे निदान दुसरे क्वचितच मिळते, आणि न तपासता फेकून दिले तर इतके साधे निदान हुकतेही.

साचलेल्या पाण्याशी याचा संबंध लावला जातो. पुण्यातल्या रेती काढणाऱ्या मजुरांमध्ये हा रोग आढळतो, असे टिपण ए. जे. नोरोन्हा यांनी 1933 मध्ये प्रसिद्ध केले होते. नदीत उतरून रेती उपसणे तेरेखोल आणि शापोरा नदीकाठच्या माणसांना नवे नाही, म्हणून ही ओळ इथे.

करावे: तळ्यात, साचलेल्या पाण्यात बुडी मारण्याचे काम असेल आणि मूत्रमुखाशी किंवा नाकात रक्ताळणारा मस आला, तर कामाचे स्वरूप डॉक्टरला सांगावे. कोंब काढून त्याचे मूळ जाळावे लागते; मूळ राहिले तर पुन्हा येतो.

टाळावे: डिचोलीतल्या बंद खाणींच्या पाणी भरलेल्या खंदकांत आंघोळ. रायनोस्पोरिडियमपेक्षा बुडून मरण्याची भीती तिथे कितीतरी मोठी आहे, पण कारण कुठलेही पटो, उतरू नये.

टाळावे: लघवीत रक्त म्हणजे 'खाणीच्या धुळीने' असा निष्कर्ष. धूळ फुफ्फुसाची वैरी आहे. मूत्रनलिकेतला कोंब तिच्यामुळे येत नाही. पाण्यातल्या जंताने लघवीत रक्त येण्याचे कोकणातले उदाहरण मात्र खरे आहे: रत्नागिरी जिल्ह्यातल्या गिमवी गावी शिस्टोसोमाचा प्रादुर्भाव 1952 मध्ये नोंदला गेला. भारतात असे ठिकाण दुर्मीळच.

दुर्बिणीच्या टेबलावर जाण्याआधी

करावे: एकच प्रश्न विचारावा. 'कोंब काढून तपासायला पाठवणार, की नुसता जाळणार?' छोटा कोंब विजेने जाळून टाकणे सोपे असते, पण जळलेल्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली वाचता येत नाहीत. चिमट्याने आधी तुकडा घ्यावा, मग बूड जाळावे. चांगला डॉक्टर या प्रश्नाने रागावत नाही.

टाळावे: प्रोस्टेटचे दुर्बिणीतून ऑपरेशन झाल्यावर 'साधीच होती' म्हणून निघालेले तुकडे न पाठवू देणे. साध्या वाढीसाठी काढलेल्या तुकड्यांतही कधीकधी कॅन्सर सापडतो.

करावे: खर्चासाठी दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचे कार्ड मुदतीत आहे का ते आधी बघावे.

बाटली

खासगी दवाखान्यात ऑपरेशन झाले की कधीकधी नातेवाइकाच्याच हातात बाटली देतात, 'ही लॅबमध्ये देऊन या' म्हणून. त्या क्षणापासून निदानाची जबाबदारी डिचोलीहून पणजीला जाणाऱ्या कदंब बसमध्ये, तुमच्या मांडीवर असते.

करावे: आतले द्रव फॉर्मालिन आहे ना, ते विचारावे. दहा टक्क्यांचे, आणि तुकड्याच्या निदान दहापट. तुकडा त्यात पूर्ण बुडालेला हवा.

टाळावे: सलाइन, नळाचे पाणी, स्पिरिट. पाण्यात आणि सलाइनमध्ये पेशी सडायला लागतात. उन्हाळ्यात आणखी लवकर. 'फेणीत ठेवले तर चालेल का' असे विचारणारे भेटतात. चालणार नाही.

टाळावे: लोणच्याची किंवा पाण्याची अरुंद तोंडाची बाटली. मऊ तुकडा आत सहज जातो. फॉर्मालिनने कडक झाल्यावर बाहेर निघत नाही आणि काढताना फाटतो. शिवाय फॉर्मालिन दिसते पाण्यासारखे. घरात पाण्याच्या बाटलीत ठेवले तर कोणीतरी पिईल.

करावे: नाव, वय, तारीख आणि तुकडा कुठला, ही चिठ्ठी बाटलीच्या अंगावर चिकटवलेली असावी. झाकणावर नको. लॅबमध्ये एकावेळी दहा बाटल्यांची झाकणे उघडतात. दोन ठिकाणचे तुकडे असतील तर दोन बाटल्या.

टाळावे: बर्फात ठेवणे, किंवा मे महिन्यात स्कूटरच्या डिकीत दुपारभर सोडणे. झाकण घट्ट, दोन पिशव्यांत, उभी. सांडलेच तर हाताने पुसू नये. डोळ्यांना आणि घशाला झोंबते.

करावे: अर्ज बाटलीसोबतच द्यावा, आणि त्यावर तक्रार, पूर्वीची ऑपरेशने, नळी, पीएसए, चालू औषधे लिहून घ्यावीत. मूत्राशयात बीसीजी औषध दिले असेल तर तेही. त्याने प्रोस्टेटमध्ये क्षयासारखी सूज येते, आणि माहिती नसेल तर पॅथॉलॉजिस्ट क्षयाच्या मागे लागतो.

रिपोर्ट हातात आल्यावर

करावे: पूर्ण वाचून घ्यावा, शेवटची ओळ तेवढीच नव्हे. 'बिनाइन' (साधी गाठ) लिहिले असेल आणि खाली 'तुकडा अपुरा' किंवा 'जळाल्याने मर्यादा' असेही लिहिले असेल, तर तो सुटकेचा कागद नाही.

करावे: 'अटिपिकल' (पेशी नेहमीसारख्या नाहीत) हा शब्द आला तर घाबरण्याआधी पुढचे रंग लावून घेण्याबद्दल विचारावे. शंका उरली तर पॅराफिनचे ब्लॉक (तुकडा जपलेले मेणाचे ठोकळे) आणि काचा मागून घ्याव्यात. बांबोळीच्या गोमेकॉत किंवा मुंबईच्या टाटा रुग्णालयात दुसरे मत त्यांवरूनच मिळते. पुन्हा कापाकापी बहुधा लागत नाही.

टाळावे: रिपोर्ट आणायला न जाणे. टाके नाहीत, रक्त थांबले, नळी निघाली, माणूस शेतात गेला. कागद लॅबच्या खणात पडून. हा प्रकार इतका सर्रास आहे की बाटली देतानाच रिपोर्ट कोण आणणार त्याचे नाव ठरवून घ्यावे.

टाळावे: रक्ताचे कारण कळण्याआधी काढे सुरू करणे. धारगळच्या आयुर्वेद संस्थेत जायचे असेल तर जरूर जावे, रिपोर्ट खिशात घालून.

नंतरचे दिवस

करावे: प्रोस्टेटच्या ऑपरेशननंतर दहा-पंधरा दिवसांनी लघवी पुन्हा तांबूस झाली तर भरपूर पाणी प्यावे, आतली खपली निघते आहे. गुठळ्या येऊ लागल्या किंवा धार अडली तर त्याच दिवशी इस्पितळ.

टाळावे: त्या काळात दुचाकीवर खडबडीत रस्ते, नारळाची पोती उचलणे, कुंथणे.

करावे: नेफ्रोजेनिक अडेनोमा किंवा पाण्यातला कोंब असेल तर डॉक्टरने सांगितलेल्या तारखेला पुन्हा दुर्बीण करून घ्यावी. हे दोन्ही परत येतात, साधे असूनही. आणि परत आलेला कोंब काढला तर त्याचीही बाटली लॅबमध्ये जाते, पहिल्याचा रिपोर्ट जोडून.